बडोद्याची सहल शिंप्यापासून सुरू करा

विषय: डिसेंबरात बडोदा, मुलींना घेऊन. मदत हवी आहे
प्राची, मिसिसॉगा

मंडळी, सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चार घरं मिळून बडोद्याला निघालोय. बरोबर १३ ते १७ वयाच्या पाच मुली आहेत. पाचही जणींना कपडे, दागिने, मेकअप यांचं वेड आहे. नुसतं विकत घ्यायचं वेड नव्हे. माझी मोठी जुन्या पडद्यांचे स्कर्ट शिवते, आणि धाकटी बसमध्ये समोर बसलेल्या बाईच्या भुवया कशा कोरल्यात ते बघत राहते.

तीन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा सगळे दिवस नातेवाइकांच्या घरी चहा-पोहे खाण्यात गेले. मुली कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसल्या. निघायच्या दिवशी बांगड्या घ्यायला म्हणून दोन तास मंगळ बाजारात गेलो, तर मोठी एकदम वेगळीच मुलगी झाली. दुकानदाराशी मोडक्या हिंदीत बोलायला लागली, कापड हातात घेऊन उजेडात धरायला लागली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, हे पहिल्या दिवशी का नाही दाखवलंस?" ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

यावेळी सहा दिवस फक्त त्यांच्यासाठी ठेवलेत. काय दाखवू, कुठल्या क्रमाने दाखवू? बडोदेकरांनी सांगावं.

प्राची

---

उत्तर: डिसेंबरात बडोदा
केतकी, टोरांटो

प्राची, अलकापुरीतल्या आर. सी. दत्त रोडवर ब्रँडची दुकानं आहेत आणि मॉल हवा असेल तर इनऑर्बिट आहे. एक संध्याकाळ पुरे. तिथे मिळतं ते इथेही मिळतं.

नंदामावशी लिस्टवर आहेत. त्या काय म्हणतात ते ऐक.

---

उत्तर: डिसेंबरात बडोदा
नंदामावशी, दांडिया बाजार, बडोदे

चि. प्राचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. मुलींना कपड्यांचं वेड आहे म्हटलं की घरचे लोक लगेच "अभ्यास कसा चाललाय" विचारतात. अगं, हे गाव कपड्यांच्या वेडावर वाढलंय. कलाभवन हे इथलं तंत्रशिक्षणाचं विद्यालय १८९० साली सुरू झालं तेव्हा तिथे रंगाईचं शास्त्र शिकवायचे. त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनशास्त्रज्ञ त्यामागे उभा होता. आज सयाजीराव विद्यापीठात कापड आणि वस्त्रप्रावरणांचा स्वतंत्र विभाग आहे, १९५० पासून चित्र-शिल्पकलेची फॅकल्टी आहे. तेव्हा मुलींना सांग, तुम्ही योग्य गावी येताय.

आता क्रम. सगळी सहल शिंप्याच्या वेळापत्रकावर बांध. पहिल्या दिवशी कापड आणि माप, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फिटिंग, सहाव्या दिवशी हातात. लोक उलटं करतात, शेवटच्या दिवशी तयार माल घेतात आणि टोरांटोत जाऊन रडतात की खांद्यात बसत नाही. तुमचे दिवसही चांगले आहेत. १६ डिसेंबरच्या सुमारास कमुरता लागतात, म्हणजे आपला धनुर्मास. संक्रांतीपर्यंत इथे लग्नं नसतात, त्यामुळे शिंप्याला जरा श्वास असतो. मात्र परदेशातले पाहुणेही याच दिवसांत येतात, म्हणून मी आत्ताच आमच्या शिंप्याला सांगून ठेवते.

कापडासाठी मंगळ बाजार आणि नवा बाजार. गल्ल्या अरुंद, गर्दी भरपूर, सकाळी ११ ला दुकानं उघडताच जावं. पैसे रोख ठेवा, तुमची कार्डं लहान दुकानांत चालत नाहीत. नवरात्र संपलेली असली तरी चणियाचोळी वर्षभर मिळते.

तिथे मुलींना एकच गोष्ट करायला लाव. चणिया उलटा करून बघायचा. आभल्याचं काम हाताचं असेल तर मागे दोऱ्यांचं जाळं दिसतं. आधी दोरा आडवा-उभा टाकून आरसा जागेवर बांधतात, मग त्या दोऱ्यातून सुई घालत भोवती गोल कड विणतात. कड दाट असली की आरसा वर्षानुवर्षं हलत नाही. स्वस्तातल्या मालात प्लॅस्टिकची चकती गोंदाने चिकटवलेली असते, मागची बाजू कोरी, आणि एका गरब्यात निम्म्या चकत्या मैदानात. माझ्या लग्नातल्या चोळीवर एकवीस आभले आहेत. पन्नास वर्षं झाली, एकही पडलेला नाही. ती चोळी मी मुलींना हातात देईन, पुस्तकातून हे कळत नाही.

चणियाचा घेर विचारायचा, किती कळ्यांचा, म्हणजे किती उभ्या तुकड्यांचा आहे ते विचारायचं, आणि दुकानातच गिरकी घेऊन बघायचं. दुकानदार हसत नाहीत, उलट जागा करून देतात.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीविलास राजवाडा आणि आवारातलं फत्तेसिंग संग्रहालय. सोमवारी बंद असतं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. १८८८ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना पुराणातल्या १४ प्रसंगांची चित्रं काढायला सांगितली. रविवर्म्याने त्या सगळ्या देव्या-राण्यांना साडी नेसवली, आणि आपल्या डोळ्यांपुढे सीता-दमयंती येतात त्या तेव्हापासून तशाच. मुलींना कथा सांगत बसू नकोस. पदर कुठून कुठे गेलाय, काठाची चमक रंगाने कशी आणली, कापड जाड आहे की झिरझिरीत हे चित्रात कसं कळतं, ते शोधू दे. आत फोटो काढू देत नाहीत. प्रत्येकीला एक लहान वही आणि पेन्सिल दे. पेन्सिलीने काढलेली निरी हातात राहते.

आणि तिथेच त्यांना इंदिराराजेंची गोष्ट सांग. सयाजीरावांची ही लेक. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी लग्न ठरलेलं, आणि तिने स्वतः ते मोडलं. १९११ च्या दिल्ली दरबारात कूचबिहारचे राजकुमार जितेंद्र भेटले होते, १९१३ साली लंडनमध्ये त्यांच्याशी लग्न केलं. पुढे विधवा झाल्यावर फ्रान्समधून शिफॉन मागवून तिच्या साड्या नेसल्या, आणि शिफॉनची साडी हिंदुस्थानभर गेली. बुटांसाठी इटलीत फेरागामोला ऑर्डर द्यायच्या, त्यावर लावायला स्वतःचे मोती आणि हिरे पाठवायच्या. पण मला त्यांचं कौतुक बुटांसाठी नाही वाटत. विधवेने काय नेसावं हे सगळं जग ठरवत असताना त्यांनी ते स्वतः ठरवलं. सतरा वर्षांच्या मुलीला हे बरोबर कळतं.

त्यांच्या आई चिमणाबाई महाराणी. १९१४ सालचं त्यांच्या नावाचं स्त्री उद्योगालय अजून आहे. बायकांना शिवण-भरतकाम शिकवून चार पैसे हाती यावेत म्हणून काढलेलं. तिथे मी आधी फोन करून विचारते, मुलींना काम बघायला मिळालं तर फार छान.

रावपुऱ्यात तांबेकर वाडा चुकवू नका. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा, चार मजली, भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं. रामायण-महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे. मुलींनी पगड्या आणि नेसणं बघावं. कोणाची पगडी कशी, कोणाची नथ केवढी. चित्रकाराने एकही बाई घाईत रंगवलेली नाही.

एक दिवस अहमदाबाद. ११० किलोमीटर, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत. कॅलिको हे कापडाचं म्युझियम बघायचं असेल तर आत्ताच नोंदणी करा, ते थोड्याच लोकांना सोडतात, बुधवारी बंद असतं. पाटणचा पटोळा, म्हणजे दोरे आधी रंगवून विणलेली रेशमी साडी, तिथे बघून घ्या. पाटणला जाऊन यायचं तर अख्खा दिवस गाडीत जाईल, या वेळी नको.

खाण्याचं मी बघते. सेव-उसळ, लीलो चेवडो आणि दुलिरामचे पेढे.

नंदामावशी

---

उत्तर: मेंदी आणि दागिन्यांबद्दल
मुग्धा, ओकव्हिल

प्राची, मावशींच्या पत्रानंतर काही बोलायला नको, पण मेंदीचं लिहिते, कारण ते माझ्या घरात घडलंय.

दोन वर्षांपूर्वी एका मेळाव्यात माझ्या लेकीने "काळी मेंदी" काढून घेतली. अर्ध्या तासात कोळशासारखी काळी झाली, सगळ्या मैत्रिणी खूश. चौथ्या दिवशी त्याच नक्षीवर फोड आले. वेल आणि कोयऱ्या, सगळं उठून आलं हातावर. मी फार्मसीत काम करते, तरी कोनात काय आहे हे मी विचारलं नव्हतं. तो दिवस मला अजून टोचतो.

खरी मेंदी काळी नसते. पानातला रंग आधी केशरी उमटतो आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. लगेच काळी होणाऱ्या कोनात केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं. एकदा त्याची ॲलर्जी लागली की पुढे केस रंगवतानाही त्रास होतो, आणि ती जन्मभर राहते. म्हणून कोन घरी भिजवलेल्या पानांच्या पुडीचा असू द्या. मावशींच्या ओळखीची कोणी असेल तर तिच्याकडूनच काढून घ्या. निदान दोन दिवस आधी एक ठिपका मनगटाच्या आत लावून बघा.

नवरात्रात घालतात ते ऑक्सिडाइज्ड दागिने दिसायला फार देखणे, पण त्यात निकेल असू शकतं. ज्यांचे कान खाजतात त्यांनी कानातलं चांदीचं घ्यावं आणि हार कपड्यावरून घालावा. सुरमा कोणी भेट दिला तर डोळ्यांत घालू नका, पारंपरिक सुरम्यात शिसं असतं.

आणखी एक. तिकडे कोणी ना कोणी आजी-काकू मुलींच्या रंगावर बोलेल. "थोडी उजळ झालीस" किंवा उलटं. मुलींना आधी सांगून ठेवू नका, त्याच वेळी तिथल्या तिथे आपण उत्तर द्या. मुलींना आपलं ऐकू येऊ दे.

मुग्धा

---

उत्तर: एक विनंती
मंदार, ब्रॅम्प्टन

प्राचीताई, तुम्ही "मुलींची सहल" लिहिलंय म्हणून दोन दिवस विचार करून लिहितोय. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. त्याने आजीच्या मशीनवर स्वतःचं जॅकेट शिवलंय, कॉलर तीन वेळा उसवून परत लावली. घरात पाहुणे आले की मशीनवर चादर टाकतो. आम्हीही त्याच सुमारास बडोद्याला आहोत. तो येऊ शकेल का? त्याला विचारायचं धाडस झालं नाही, मी विचारतोय.

मंदार

---

उत्तर: एक विनंती
नंदामावशी

मंदार, हा काय प्रश्न झाला? घेऊन ये.

आमचे शिंपी मास्तर चाळीस वर्षं शिवतायत, त्यांचे वडीलही तेच करत. बाजारात गल्ल्यामागे बसून भरतकाम पारखणारे बहुतेक पुरुषच आहेत. त्याच्यासाठी केडियूचं, म्हणजे गरब्यात पुरुष घालतात त्या अंगरख्याचं कापड घेऊ. छातीपाशी घट्ट, खाली चुण्यांचा झगा. त्या चुण्या एकसारख्या बसवणं चणियाहून अवघड काम आहे. मास्तर कच्ची शिलाई घालतील तेव्हा त्याला शेजारी स्टुलावर बसवते. आणि त्याचं जॅकेट बरोबर आणायला सांग. मास्तरांना कॉलर बघायची आहे. मी आज सकाळीच त्यांना सांगितलं.

---

उत्तर: ठरलं
प्राची

सगळ्यांचे मनापासून आभार. मंदार, चूक माझी होती, विषयात मीच "मुली" लिहिलं. आता आम्ही सहा मुलांची सहल म्हणतोय.

असं ठरवलंय: मंगळवारी कापड आणि माप. बुधवारी राजवाडा, वह्या घेऊन. गुरुवारी अहमदाबाद, कॅलिकोची नोंदणी आज करते. शुक्रवारी सकाळी फिटिंग, मग तांबेकर वाडा. शनिवारी खंडेराव मार्केटात गजरे आणि रात्री मेंदी. रविवारी कपडे हातात. इनऑर्बिट कार्यक्रमातून काढलं, माझ्या मोठीनेच काढायला सांगितलं.

मावशी, मापासाठी इथून काय आणायचं?

---

उत्तर: ठरलं
नंदामावशी

प्रत्येकाने अंगाला नीट बसणारा एक जुना टॉप किंवा शर्ट आणावा, मास्तर त्यावरून ताडून बघतात. चपला आणाव्या, ज्या चणियाखाली घालायच्या त्याच. उंची चपलेसकट मोजतात. सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढावं लागतं, ते मी रात्री करून ठेवीन. आणि वाढतं वय आहे म्हणून दोन्ही बाजूंना शिवणीत दीड-दीड इंच माया, म्हणजे जादा कापड ठेवायला सांगणार आहे. पुढच्या वर्षी उसवून सैल करता येईल.

---

उत्तर: ठरलं
प्राचीच्या पत्त्यावरून, तिची मोठी मुलगी

मावशीआजी, नमस्कार. मी आईला विचारून लिहिते आहे. माझं मराठी लिहिणं हळू आहे. चणियाला खिसा लावता येतो का? इथे कुठल्याच चांगल्या स्कर्टला खिसा नसतो.

---

उत्तर: ठरलं
नंदामावशी

येतो बाळा. उजव्या हाताला, दोन कळ्यांच्या शिवणीत, म्हणजे बाहेरून दिसत नाही. किती खोल हवा ते फोन हातात घेऊन मास्तरांना दाखव.