विषय: श्रीवर्धनची घरदुरुस्ती – पैसे, भाचे आणि जे-हुक

प्रेषक: सचिव (न्यू जर्सी)
नोव्हेंबर २०२०

नमस्कार मंडळी,

निसर्ग वादळाला पाच महिने होऊन गेले. गणपतीत ऑनलाइन आरतीच्या वेळी जमवलेले पैसे अजून मंडळाच्या खात्यातच पडून आहेत आणि कार्यकारिणीत त्यावरून नुसता खल चाललाय. आपले काका मार्चपासून लॉकडाउनमुळे पुण्यात कोथरूडला अडकलेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या मित्रांबरोबर ते श्रीवर्धनकडे घरं दुरुस्त करायला जातात.

काका, पैसे कोणाला पाठवायचे? आणि ज्यांचे भाचे-पुतणे पुण्यात आहेत त्यांनी ते तुमच्याकडे धाडले तर चालेल का? निम्मे आयटीत आहेत, घरूनच काम करतात, शनिवार-रविवार मोकळे असतात.

---

प्रेषक: काका (सध्या मुक्काम कोथरूड)

मंडळी, मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

भाचे जरूर पाठवा. फक्त छपरावर चढायला मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. फेसबुकला फोटो टाकायचा म्हणून येणारे असतील तर ताम्हिणीत धबधबे आहेत, तिथेच थांबा म्हणावं. (धबधबेही आता आटले असतील म्हणा.)

३ जूनला वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा ताशी शंभराच्या वर वेगानं वारा होता. असा वारा छप्पर खालून उचलतो. आधी पागोळीची कड उठते, मग आढ्याकडचं जातं, आणि एकदा आत वारा शिरला की बाकीचं पाच मिनिटांचं काम. त्यातून लगेच पाऊस सुरू झाला. लोकांनी मिळेल तो पत्रा मिळेल त्या भावात आणला आणि खिळे मारून बसवला. दुष्टपणा कोणाचाच नाही, डोक्यावर पाणी गळत असताना माणूस दुसरं काय करणार! पण ते पत्रे आता सगळीकडे गळताहेत, आणि पुढच्या वादळात तेच आधी उडतील.

आम्ही मुख्यतः तेच काढून पुन्हा बसवतो. आमचे मिस्त्री पासष्टीचे, छपरावर मांजरासारखे फिरतात. त्यांचा एकच मंत्र: "भोक वर पडला पायजे, खाली नाय." म्हणजे पत्र्याच्या उंचवट्यावर. खोलगट भागात भोक पाडलं की पाणी तिथूनच वाहतं आणि थेट घरात. खिळ्याऐवजी जे-हुक, म्हणजे इंग्रजी J सारखा वाकवलेला लोखंडी आकडा, तो खालच्या पाइपाला धरतो, वर डांबरी वायसर. कडेला आणि आढ्यापाशी हुक जवळजवळ, मध्ये थोडे लांब चालतात. एका पत्र्यावर दुसरा निदान दीड लाट चढलेला हवा. हुक आणि वायसर तिकडे धड मिळत नाहीत, म्हणून आम्ही इथूनच भवानी पेठेतून पोत्यानं घेऊन जातो.

मग भाच्यांनी करायचं काय? गेल्या खेपेला एका आजींच्या अंगणात वादळात उतरलेल्या मंगलोरी कौलांचा ढीग होता. आजींना पत्रा नकोच होता. उन्हाळ्यात भट्टी होते, त्या म्हणाल्या, आणि पावसात शेजारी काय बोलतोय ते ऐकू येत नाही. मग पोरं अंगणात बसून एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवत होती. खणखणीत वाजलं की एका बाजूला, बद्द वाजलं की दुसऱ्या. बद्द म्हणजे चीर गेलेली, डोळ्याला दिसत नसली तरी. नंतर शेवाळ घासायचं आणि साखळी करून वर पोचवायचं. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात, एकेक अडीच किलोच्या घरात. संध्याकाळी आयटीवाल्यांना हात वर करून केस विंचरता येत नव्हते. आजी आतून सारख्या चहा पाठवत होत्या.

---

प्रेषक: ह्यूस्टनहून एक सभासद

काका, मनापासून कौतुक. पण एक विचारू? इथे २०१७ मध्ये हार्वे वादळानं घरांत पाणी शिरलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून भिजलेलं ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते) उखडलं, गालिचे बाहेर फेकले. कोणी मजुरी घेतली नाही. तुम्ही मात्र मिस्त्र्याला दिवसाची मजुरी देता. स्वयंसेवक असताना ते पैसे वाचवून आणखी दोन घरं नाही का होणार?

---

प्रेषक: काका

ताई, रास्त प्रश्न आहे. उखडायचं काम कोणालाही जमतं, बसवायचं नाही. शिवाय त्या मिस्त्र्यांची स्वतःची सुपारीची वाडी जूनमध्ये आडवी झाली. रोठा सुपारी त्या भागाचं नगदी पीक; नवीन रोप लावलं तर धरायला सहा-सात वर्षं जातात. नारळाचंही तेच. छप्पर आठवड्यात होईल, पण तोवरची वर्षं माणसानं खायचं काय? आपण पुण्याहून फुकट हात नेले आणि गावातल्या कारागिराचा रोज बुडवला, तर ती कसली मदत? माझ्या मते मंडळाच्या पैशातला पहिला हिस्सा मजुरीचाच. सामानासाठी देणारे पुष्कळ भेटतात, पत्र्यावर नाव रंगवता येतं ना!

---

प्रेषक: खजिनदार

सगळं पटलं, पण काकांच्या खात्यावर पैसे टाकून मोकळं होऊ असं जे सुचवलं जातंय, ते होणार नाही. मंडळ अमेरिकेत नोंदलेलं आहे, त्यामुळे आपले पैसे भारताच्या कायद्यानं परदेशी देणगी ठरतात. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचेही तसेच. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेतून पाठवले तर ते त्यात धरत नाहीत. त्यांनी थेट पाठवावेत.

दुसरं, सप्टेंबरअखेर कायदा बदललाय. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी तिला आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे पुण्याच्या संस्थेकडून पुढे गावातल्या गटाकडे, हा आपला जुना रस्ता बंद. परदेशी देणगीची नोंदणी असलेली आणि मजुरी, सामान स्वतःच खर्च करणारी संस्था हवी. नवीन खातंही दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेत काढावं लागणार आहे. काका, तुमच्या पाहण्यात अशी असेल तर नोंदणीची प्रत पाठवा, मी त्याच दिवशी कागद करतो.

---

प्रेषक: काका

एक आहे. उद्या प्रत मागवतो. भाच्यांची नावं गुरुवारपर्यंत हवीत, गाडी ठरवायची आहे. हातमोजे जाड आणा, पत्र्याची कड ब्लेडसारखी कापते. मास्क सक्तीचा. जिल्ह्याबाहेर जायला लॉकडाउनमध्ये लागायचा तो ई-पास आता लागत नाही.

---

प्रेषक: ह्यूस्टनहून एक सभासद

काका, मुद्दा पटला. भाचा सहकारनगरला असतो, त्याला तुमचा नंबर दिलाय. त्याला धुळीची ॲलर्जी आहे, तेव्हा शेवाळ घासायला बसवू नका, साखळीत उभा करा. आणि त्याच्या आईला छपराबद्दल काही बोलू नका.