विकणारा बँक स्टेटमेंट मागतोय, काय दाखवावं आणि काय नाही? (जळगाव)

महाबळ_घरशोध
राम राम मंडळी. जळगावात महाबळ भागात एक रो-हाउस पसंत पडलंय. बोलणी 52 लाखांवर आली आहेत. कर्ज 40 लाख काढायचं ठरतंय. बाकीचे पैसे बचत खातं, दोन एफडी आणि वडिलांची पतसंस्थेतली ठेव असे विखुरलेले आहेत. विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) व्हायच्या आधीच मालकाने एजंटामार्फत निरोप दिलाय : सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पॅन आणि आधार व्हॉट्सॲपवर टाका, पैसे आहेत हे दिसलं की दुसरं गिऱ्हाईक थांबवतो. ही मागणी रास्त आहे का? दाखवायचे तर कोणते कागद दाखवू?

तापीकाठ_दस्त
भाऊ, मालकाची शंका रास्त आहे, पण त्यासाठी एवढे कागद लागत नाहीत. मालकाला दोनच गोष्टी कळायला हव्यात : पैसे आहेत का, आणि खरेदीखताच्या दिवसापर्यंत ते मोकळे होतील का. तुम्ही कुणाला काय पाठवता, घरात किती हप्ते चालू आहेत, हे त्यांना कळायचं कारण नाही. शिवाय खात्यात जास्त रक्कम दिसली की भाव कमी करायची बोलणी तिथेच संपते.

आधी तुमचा स्वतःचा आकडा नीट काढा. 30 लाखांवरच्या आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक मिळकतीच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. 52 लाखांवर 40 बसतात. पण बँकेच्या मूल्यांकनकाराने किंमत 47 लाख धरली तर कर्ज 37 लाख 60 हजारांवर येतं, आणि वरचे 2 लाख 40 हजार तुम्हाला घालावे लागतात. सौदे जास्त करून इथेच अडकतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या कर्जात धरत नाहीत. महापालिका हद्दीत 6 टक्के धरलं तर 3 लाख 12 हजार, वर नोंदणीचे 30 हजार (रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दराने येणारी, किंमत जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर, खरेदी फक्त बाईच्या नावाने असेल तर 1 टक्का सवलत). म्हणजे घरचे 15 लाख 42 हजार तयार हवेत, आणि मूल्यांकन कमी आलं तर पावणेअठरा लाखांच्या वर.

कागद दोन पुरेत. एक, बँकेचं कर्ज मंजुरीपत्र : त्यातली रक्कम, तारीख, मुदत आणि अटी एवढंच दाखवा. तत्त्वतः मंजुरी असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण ती फक्त तुमच्या उत्पन्नावर दिलेली असते, मिळकतीची तपासणी व्हायची असते. दोन, शाखेच्या शिक्क्याचं शिल्लक प्रमाणपत्र, एफडी धरून. त्याच बैठकीत मालकाकडून इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), मिळकतपत्रिका किंवा सातबारा, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि घरपट्टीची पावती मागा. ते नसतील तर बँकेचं काम पुढे सरकत नाही, आणि मालकाची तयारी किती आहे तेही कळतं.

केळीपट्टा_आयटी
व्हॉट्सॲपवर स्टेटमेंट टाकू नका. त्यात पत्ता, मोबाईल, ग्राहक क्रमांक (बऱ्याच बँकांत नेट बँकिंगचं लॉगिन तोच असतो) आणि नातेवाइकांचे यूपीआय आयडीसुद्धा असतात. एजंटाच्या फोनवरून ते पुढे कुठे जातं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

झाकून पाठवायचं म्हटलं तर तिथेही चूक होते. मोबाईलमधल्या हायलायटरने काळं केलं तर ब्राइटनेस वाढवून खालचं वाचता येतं. पीडीएफवर काळी चौकट टाकली तर खालचा मजकूर निवडून कॉपी होतो. प्रिंट काढा, जाड कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स मारा आणि ती झेरॉक्स द्या. प्रत्येक पानावर आडवं लिहा : 'फक्त महाबळ येथील रो-हाउसच्या व्यवहारासाठी', खाली तारीख. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करा. पॅन खरेदीच्या वेळी लागेलच, आज गरज नाही.

सगळ्यात बरं म्हणजे वकिलाकडे बसून मूळ कागद दाखवायचे आणि परत आणायचे.

धुळे_पतपेढी
वडिलांची ठेव पतसंस्थेत आहे म्हणता, तर तिची पावती पैशाचा पुरावा म्हणून पुढे करू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे; पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्याकडे पतसंस्थांत लोकांचे पैसे कसे अडकले हे प्रत्येक विकणाऱ्याला माहीत आहे, त्यामुळे त्या पावतीवर कुणी विश्वास ठेवत नाही. ठेव मोडून रक्कम बचत खात्यात आली की मगच प्रमाणपत्र घ्या. मुदतीआधी मोडल्यावर व्याज कापलं जातं, ते हिशेबात धरा. आणि पैसे वडिलांच्या खात्यातून तुमच्या खात्यात बँकेमार्फतच येऊ द्या. बँक तुमच्या हिश्शाचे पैसे कुठून आले हे विचारते.

महाबळ_घरशोध
आभार. एजंट आता म्हणतो, प्रमाणपत्र चालेल, पण सही केलेला कोरा चेक मालकाकडे ठेवा.

तापीकाठ_दस्त
अजिबात नाही. त्या चेकवर रक्कम कोण भरेल आणि कधी टाकेल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि न वटता परत आला तर नोटीस तुम्हाला येते.

पैसे आहेत हे विसाराच्या रकमेवरूनच पटेल. ज्या खात्याचं प्रमाणपत्र दाखवलं त्याच खात्यातून मालकाच्या खात्यावर भरा. रोखीचा आग्रह झाला तर मालकाला सांगा : स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. सौदा 50 लाखांच्या वर असल्याने विसारासकट प्रत्येक हप्त्यातून 1 टक्का टीडीएस (मालकाच्या नावाने भरायचा आयकर) कापा, आणि ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून 30 दिवसांत भरा. त्यासाठी मालकाचा पॅन विसाराआधीच घ्या. मालक परदेशात राहणारे असतील तर कापायचा दर आणि पद्धत वेगळी, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

विसार पावतीत दोन वाक्यं हवीतच : मिळकतीच्या कागदात दोष निघून कर्ज नाकारलं गेलं तर विसार पूर्ण परत, किती दिवसांत तेही लिहून, आणि मूल्यांकन कमी आलं तर फरक भरायला तुम्हाला किती मुदत. मालक यावर सही करायला तयार नसेल तर पैसे सोडू नका.