दिल्लीला इंडिया ओपन बघायला जायचंय, तिकीट कोणत्या दिवसाचं काढू?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, चार वर्षं झाली बॅडमिंटन खेळते. पहाटे साडेपाचला तिला कोचिंगला सोडायचं आणि गाडीतच बसून डुलकी काढायची, असा माझा क्रम. त्यामुळे खेळातलं मला कळतं ते हॉलच्या काचेतून दिसतं तेवढंच.

गेल्या वर्षी तिला शब्द दिला होता की जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या चारात आलीस तर दिल्लीला इंडिया ओपन दाखवीन. आली. आता शब्द पाळायचाय.

आमच्या घरात दोन तट पडलेत. मिस्टर म्हणतात, एवढं लांब जायचं तर फायनलच बघावी, बाकीच्या मॅच काय बघायच्या. लेकीला कोरियाची आन से-यंग बघायची आहे, ती कधी का खेळेना. मला खर्च बघायचाय. दोघींचं येणं-जाणं, राहणं, खाणं धरून फार तर तीन दिवस जमतील. जानेवारीत शाळेची चाचणीही असते, त्याचं वेगळंच.

तर कोणत्या दिवसांचं तिकीट काढू? आणि कोर्टाच्या मागे बसावं की बाजूला? तिकिटाच्या साइटवरचा नकाशा बघून मला काही कळलं नाही. तिचे सर म्हणतात ती बॅकहँडच्या, म्हणजे रॅकेट नसलेल्या हाताकडच्या कोपऱ्यात नेहमी उशिरा पोचते, हे बघून काही सुधारेल असं बसायची जागा असेल तर सांगा.

पंचवटीकर_७७

मोबाइलवर बघा की. यूट्यूबवर सगळं मिळतं, वर रिप्ले. दिल्लीची जानेवारीतली हवा आणि थंडी कोण खाणार? त्या पैशात पोरीला दोन चांगल्या रॅकेट येतील.

गटिंगवाला

ताई, फक्त फायनलचं तिकीट काढू नका. मी काढलं होतं, म्हणून सांगतो.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझं गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तारा लावायचं मशीन आहे, एकवीस वर्षं झाली. स्वतः जिल्ह्याच्या पुढे कधी गेलो नाही, पण गावातल्या निम्म्या रॅकेट माझ्या हाताखालून गेल्यात. २०२३ च्या जानेवारीत ठरवलं, आयुष्यात एकदा तरी मोठी स्पर्धा डोळ्यांनी बघायची. पुरुष दुहेरीत सात्विक-चिराग आदल्या वर्षीचे विजेते, एकेरीत लक्ष्य सेनही आदल्या वर्षीचा विजेता. म्हटलं रविवारी यातलं कोणीतरी असणारच. शुक्रवारी निघालो, शनिवारी सकाळी पोचायचं. गाडी धुक्यात मथुरेच्या अलीकडे जी उभी राहिली, ती दिल्लीला रात्री लागली. डब्यात सोबत नेलेला चिवडाच जेवण झालं.

रविवारी हॉलमध्ये गेलो तर भारतीय एकही नाही. सात्विकच्या दुखापतीमुळे त्यांनी दुसऱ्या फेरीतच माघार घेतली होती, लक्ष्य दुसऱ्या फेरीत हरला, सिंधू पहिल्याच. बरं, पाच फायनल तरी होतील? महिला दुहेरीत आणि मिश्र दुहेरीत चिनी जोड्यांनी न खेळताच चाल दिली. पाचाचे पैसे मोजून तीन बघितल्या. माझी जागा वरच्या रांगेत, तिथून खेळाडूंची टाळकी दिसत होती. थायलंडच्या कुनलावुतने डेन्मार्कच्या अॅक्सेलसनला तीन गेममध्ये हरवलं, मॅच सुंदर झाली असणार. मी ती बहुतेक हॉलमधल्या मोठ्या पडद्यावरच बघितली. म्हणजे पंचवटीकरांनी सांगितलं तेच, फक्त चौदाशे किलोमीटर लांब जाऊन.

आता हिशोब बघा. इंडिया ओपनसारख्या सुपर ७५० दर्जाच्या स्पर्धेत प्रत्येक प्रकारात ३२ प्रवेश. पाच प्रकार, म्हणजे पहिल्या फेरीच्या ८० मॅच, त्या मंगळवार-बुधवारी होतात. रोज ४०. गुरुवारी आणखी ४०. शुक्रवारी २०, शनिवारी १०, रविवारी ५. वर सुरुवातीच्या दिवसांचं तिकीट स्वस्त असतं. तुमच्या लेकीची आन से-यंग मंगळवारी किंवा बुधवारी खेळणारच, जिंकली तर गुरुवारीही. रविवारी दिसेल की नाही हे तिच्याही हातात नसतं.

२०२५ ला मी शहाणा झालो. मंगळवार ते गुरुवार गेलो. तीन-चार कोर्टांवर एका वेळी मॅच चालू असतात. बहुतेक लोक टीव्हीच्या कोर्टासमोर गर्दी करतात, बाजूच्या कोर्टाजवळच्या रांगा दुपारी अर्ध्या रिकाम्या. मी तिथे खाली जाऊन बसलो. पहिला अर्धा तास मी खेळ बघितलाच नाही, ऐकला. आमच्याकडे पोरं २२-२४ पाऊंड ताणावर गट लावून घेतात, कोणी जोरात असेल तर २६. हे लोक २८, ३० आणि त्याच्याही वर लावतात. त्याचा आवाज वेगळा असतो. आपल्याकडे 'थप' येतो, तिथे 'टक' येतो, खडू मोडल्यासारखा. एका मॅचमध्ये रॅली चालू असताना तार तुटली. मला बसल्या जागी कळलं, शेजारच्याला कळलं नाही. त्या खेळाडूने पुढचे दोन फटके तुटक्या रॅकेटनेच उचलून मारले आणि पॉइंट संपल्यावर पिशवीतून दुसरी काढली. पंच घाई करत होते, तो मात्र नव्या रॅकेटच्या तारा बोटाने सरळ करत उभा. मला फार बरं वाटलं, का ते धंद्यातल्यालाच कळेल.

मॅच सुरू व्हायच्या आधी दोघं शटल तपासतात तेही लेकीला बघायला सांगा. मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण जोराने मारायचं, शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या साधारण अर्धा ते एक मीटर अलीकडे पडलं पाहिजे. डब्यावर ७६, ७७, ७८ असा वेगाचा आकडा असतो. थंड हवा जड, शटल अडखळतं, म्हणून नाशिकला डिसेंबरात मी पोरांना मोठा आकडा घ्यायला सांगतो आणि त्यांना वाटतं मी महाग डबा खपवतोय. (आकडा वाढला म्हणून किंमत वाढत नाही. हे एकदा सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.)

आता बसायचं. कोर्टाच्या मागे बसा, खालच्या पाच-सहा रांगांत. बाजूने बघितलं की शटलचा वेग कळतो, नेटवरून किती खालून जातं ते कळतं, मजा येते. पण मान टेनिससारखी फिरत राहते आणि शिकायला काही मिळत नाही. मागून बघितलं की खेळाडूचा उजवा तो आपला उजवा. लेक तिच्या जागी स्वतःला ठेवू शकते.

आणि तिच्या बॅकहँडच्या कोपऱ्याचं. तिला सांगा, एक अख्खा गेम शटल बघायचंच नाही. मान हलवायची नाही. आपल्या बाजूच्या खेळाडूचे फक्त पाय बघायचे. सोपं नाही, डोळे आपोआप शटलमागे जातात, मला दोन दिवस लागले. पण एकदा जमलं की दिसतं: समोरचा फटका मारायच्या क्षणी ही एक बारीक उडी घेते. इतकी बारीक की बुटाखालून कागद सरकेल एवढीच. दोन्ही पाय जमिनीला टेकतात तेव्हा कोणता पाय आधी ढकलायचा ते ठरलेलं असतं. आपली पोरं शटल रॅकेटवरून सुटलेलं बघतात आणि मग पळतात. कोपरा लांब नसतो हो, निघायलाच उशीर झालेला असतो. थायलंडची एक मुलगी मी बघितली, अगदी काटकुळी, पळतेय असं एकदाही वाटलं नाही आणि प्रत्येक शटलच्या मागे ती उभीच. मोबाइलवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा वरून असतो आणि आपणही शटलच बघत असतो.

हॉलमध्ये वारा असतो हेही मागूनच कळतं. एसीचा झोत. एका बाजूने मारलेले टॉस, म्हणजे मागे टाकलेले उंच फटके, बाहेर जातात, दुसऱ्या बाजूने तेच अर्ध्यात पडतात. गेम बदलून बाजू बदलली की पहिल्या चार-पाच पॉइंटमध्ये कोण अंदाज बदलतं आणि कोण नाही, यावर मी शेजाऱ्याशी चहाची पैज लावायचो. दोनदा जिंकलो.

जायचं कसं, तर नाशिकरोडहून संध्याकाळची राजधानी, सकाळी निजामुद्दीन. धुक्याचे दिवस, म्हणून एक दिवस हाताशी ठेवाच. ओझरहून विमानही आहे. स्टेडियमला मेट्रोचं आयटीओ स्टेशन जवळ. पूर्वी स्पर्धा के. डी. जाधव हॉलमध्ये व्हायची, २०२६ ला त्याच आवारातल्या मोठ्या इंदिरा गांधी हॉलमध्ये नेली. जाधव म्हणजे आपले कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ. तिथल्या रिक्षावाल्याला नाव माहीत होतं, माणूस माहीत नव्हता. मी आयटीओ येईपर्यंत सांगत होतो.

रेषेवरची_मावशी

गटिंगवाले दादा, बाकी सगळं पटलं, पण बाजूला बसून शिकायला काही मिळत नाही हे नाही पटलं. दुहेरी बाजूनेच बघावी. सर्व्हिसनंतर पहिले तीन फटके नेटच्या किती वरून जातात, त्यावर अर्धी दुहेरी असते, ते मागून दिसत नाही. तेव्हा ताई, एक दिवस मागे बसा आणि एक दिवस बाजूला.

मी राज्य पातळीवर बरीच वर्षं लाइन जज होते, म्हणून लेकीसाठी एक गंमत सांगते. लाइन जजचे हात बघायला शिकवा. दोन्ही हात आडवे पसरले म्हणजे बाहेर, आणि तेव्हाच तोंडाने ओरडायचं. आत असेल तर काहीही न बोलता उजव्या हाताने रेष दाखवायची. दोन्ही हातांनी डोळे झाकले म्हणजे मला दिसलं नाही. हे डोळे झाकणं प्रेक्षकांना लाजिरवाणं वाटतं, हसतात. पण न दिसलेलं दिसलं म्हणणं त्याहून वाईट. मी एकदा केलंय, अठरा-अठरा असताना. त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो.

टीव्हीच्या कोर्टावर खेळाडू हात वर करून दाद मागू शकतात, मग पडद्यावर शटलचा ठसा दाखवतात. मॅचला दोन संधी, बरोबर निघालं तर संधी शिल्लक राहते. बाजूच्या कोर्टांवर ही सोय नसते, तिथे आमचाच शब्द.

आणि सर्व्हिस जजकडेही एकदा बघा. २०१८ पासून सर्व्हिस करताना पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावं लागतं. ठेंगण्या पोरींना याचा फायदा, उंच मुलगे वाकून वाकून सर्व्हिस करतात.

फोटो काढा, पण फ्लॅश बंद. सर्व्हिसच्या वेळी गप्प.

गंगापूररोड_आजोबा

दिल्ली दूर वाटत असेल तर पुण्यावर लक्ष ठेवा. बालेवाडीला ज्युनिअर स्पर्धा होत असतात. २००८ ची जागतिक ज्युनिअर स्पर्धा तिथेच झाली. नातवाला घेऊन एसटीने गेलो होतो. मुलींची फायनल एका हैदराबादच्या मुलीने जिंकली, जपानच्या मुलीला हरवून. नातू तेव्हा सामोशासाठी रडत होता, म्हणून शेवटचे पाच-सहा पॉइंट मी दारात उभं राहून बघितले. सायना नेहवाल. चार वर्षांनी लंडनला ब्राँझ मिळालं तेव्हा त्याच नातवाने सगळ्या वर्गाला सांगितलं की मी हिला बघितलंय. सामोशाचं नाही सांगितलं.

पंचवटीकर_७७

बरं बुवा, हरलो. पण हवेचं मी बरोबर बोललो होतो. मास्क न्या.

इंदिरानगरची_आई

सगळ्यांचे आभार. मंगळवार-बुधवार-गुरुवार ठरलं. रविवारी रात्री निघायचं, म्हणजे सोमवार धुक्याला दिला. मंगळवारी मागे, बुधवारी बाजूला, गुरुवारी लेक सांगेल तिथे. मिस्टरांना ८० आणि ५ चा हिशोब वाचून दाखवला, तर म्हणाले मग मीही येतो. म्हणजे खर्चाचं होतं तिथेच आलं.

पायांचं वाचून लेकीने काल रात्री जुन्या मॅच लावल्या आणि स्क्रीनचा वरचा अर्धा भाग वहीने झाकून बसली होती. मला वाटलं अभ्यास चाललाय.

एक शेवटचं: तिला सही घ्यायची आहे. रॅकेट सोबत नेऊ का?

गटिंगवाला

रॅकेट नको. गर्दीत फ्रेमला चीर गेली की गटिंगच्या वेळी मशीनवरच मोडते, मग लोक माझ्यावर चिडतात. रिकामं कव्हर न्या, त्यावर सही छान उमटते. मार्कर काळा, जाड टोकाचा, आणि टोपण काढून हातात तयार ठेवायला सांगा. मॅच हरलेल्याकडे मागू नका. जिंकलेला थांबतो.