मॅनेजर २७ चा, मी ५१ चा. हाताखाली राहावं का?

जुना ग्रेडर: हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी, म्हणजे बी, काढायचा कारखाना) २४ हंगाम झाले, कापसाची प्रत पाहतो. मॅनेजर यंदाच आला, त्याचा पहिलाच हंगाम. परवा एका गाडीवर ओलीचं मीटर ११ टक्के दाखवत होतं, पण त्याची सळई वरच्या थरातच होती. मी कोपरापर्यंत हात घातला, खालची सरकी दाताखाली धरली. कडकन फुटली नाही, चेपली, म्हणजे खाली ओल जास्त. म्हटलं, हा माल वेगळा टाकू. तो रांगेसमोर म्हणाला, "काका, दात राहू द्या, मीटर पाहा." माल मोठ्या गंजीत गेला. तिसऱ्या दिवशी गंजी आतून तापली. मालकानं मला झापलं, अन् साहेब बाजूला गप्प उभे. सांगा, राहावं का?

पऱ्हाटीवाला: भाऊ, तुमचं दुखणं समजते, पण मी मीटरच्याच बाजूनं. हमीभावात ८ टक्के ओल धरतात, पुढं १२ पर्यंत टक्क्यामागं १ टक्का भाव कटते. २०२५-२६ ले लांब धाग्याचा भाव ८११०. म्हणजे एका टक्क्याले क्विंटलमागं ८१ रुपये. ते कोणाच्या दातावर सोडू? माह्या बापानं 'ओला हाय' एवढं ऐकून भावातली कट्टी सोसली, विचारायची सोयच नव्हती. हा पोट्टा आकडा तरी दाखवते.

रुई-सरकी: आकडा कुठला, ते पाहा ना. दवात वेचलेला कापूस तळाशी अन् उन्हातला वर, अशा गाड्या रोज येतात. सळई कुठं घालायची हे मीटर सांगत नाही.

दालमिलवाला: मी २९ चा, माझ्या हाताखाली वडिलांच्या वयाची माणसं आहेत. कागदावर सही माझी असते. चारचौघात जुन्या माणसानं खोडून काढलं की हमालही ऐकत नाहीत. काका, तुम्ही त्याला आधी केबिनमध्ये सांगून पाहिलं होतं का?

जुना ग्रेडर: नाही, ते राहिलं. कट्टीचंही पऱ्हाटीवाले दादा खरं बोलले, शेतकऱ्याला आकडा दिसलाच पाहिजे. हंगाम मी सोडत नाही. प्रत्येक गाडीत तीन जागी, हातभर खाली सळई घालायची, हे उद्या त्याला केबिनमध्ये सांगतो. गंजीचंही तिथंच विचारतो.

रुई-सरकी: सळईचं केबिनमध्ये सांगा. गंजीचं मालकासमोर विचारा. बोलणी तुम्ही तिथंच खाल्ली ना?