विजेचा झटका: तुमचे अनुभव लिहा

पावसाळा तोंडावर आलाय. आता "शॉक लागून बैलजोडी दगावली" अशा चार ओळींच्या बातम्या सुरू होतील. तुमच्या घरात, रानात काय घडलं ते इथे लिहा. नुसतं "वाचलो बुवा" नको, करंट आला कुठून तेही सांगा.

बार्शीकडून
रात्री पाऊस झाला होता. खांबाच्या ताणतारेत (खांब सरळ राहावा म्हणून जमिनीत रोवलेल्या तारेत) करंट उतरलेला. सकाळी काका म्हैस घेऊन बांधावरून निघाले आणि खांब चार-पाच पावलांवर असतानाच म्हैस कोसळली. तारेला कुणी शिवलंही नव्हतं! काकांच्या पायाला नुसत्या मुंग्या आल्या. ते दावं सोडायला धावणार, तेवढ्यात काकू मागून ओरडल्या म्हणून थांबले. डीपीवरून लाइन बंद होईस्तोवर कुणाला पुढे जाऊ दिलं नाही.

वायरमनने नंतर समजावलं. ओल्या जमिनीत खांबालगत व्होल्टेज जास्त, लांब जावं तसं कमी. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठं, म्हणून फरकही मोठा, आणि करंट जातो थेट छातीतून. आपल्या बाबतीत तो बहुतेक एका पायातून दुसऱ्यात जातो. शिवाय काकांच्या पायात रबरी चप्पल होती.

आणि हो, जनावर पुरायची घाई करू नका. पंचनामा, शवविच्छेदन नसेल तर भरपाईचं प्रकरण अडतं.

अकोल्याहून
आमच्याकडे मे महिन्यातला वैरी म्हणजे पत्र्याचा कूलर. वहिनी चालू कूलरमध्ये पाणी भरत होत्या, पंपाची वायर आत सोललेली. वीज ओढून घेते म्हणतात, पण खरं तर स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. दादाने हात न लावता आधी बटण बंद केलं, म्हणून दोघं आहेत. आता ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवलाय.

चंद्रपूरहून
रानडुकरांसाठी कुणीतरी कुंपणात थेट २३० व्होल्ट सोडले होते. आमचा कुत्रा गेला. कुंपणाला लावायचं झटका मशीन क्षणभराचे ठोके देते, ते वेगळं. हा सरळ गुन्हा आहे, आणि रात्री पाणी द्यायला जाणारा माणूसही त्याच तारेत सापडतो.

डोंबिवलीहून
एमसीबी (जादा करंट आला की लाइन तोडणारा स्विच) असताना आरसीसीबी कशाला? शिवाय आमच्या चाळीत अर्थिंगच नाही.

अकोल्याहून
एमसीबी वायरिंग वाचवते. ती पडायला कित्येक अँपिअर लागतात, माणसाला मिलिअँपिअर पुरतात. अर्थिंग नसलं तरी अंगातून करंट जमिनीत जायला लागला की आरसीसीबी पडतो. अर्थिंग मात्र करून घ्याच.