मदत हवी आहे: सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचंय, कोर्स कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. यंदा बारावी आर्ट्स झाले. भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचं मनात पक्कं आहे, पण आमच्याकडे या वाटेनं गेलेलं कोणीच नाही.

माझा मोठा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. बँक, तहसील, दवाखाना, सगळीकडे त्याच्यासोबत मीच असते. मागच्या हंगामात आम्ही जिनिंगवर कापूस नेला, तर व्यापाऱ्यानं ओलावा सांगून भाव पाडला. भावानं गाडीतला मूठभर कापूस उचलला, तळहातावर दाबून दाखवला, कोरडा आहे म्हणून. व्यापारी मात्र शेवटपर्यंत माझ्याकडेच बघून बोलत होता. भावाला हिशोब माझ्यापेक्षा चांगला येतो. पण "ओलावा किती टक्के भरला, मशीन दाखवा" एवढं त्याला विचारायचं होतं, ते आमच्या घरच्या खुणांत मला नीट कळलंच नाही. घरी आल्यावर त्यानं कागदावर लिहून दाखवलं तेव्हा समजलं.

तो निवासी शाळेत शिकला. तिथे सगळा भर ओठ वाचण्यावर आणि बोलायला लावण्यावर होता; खुणा तो वसतिगृहातल्या मित्रांकडून शिकला. आता मी दिल्लीच्या आयएसएलआरटीसीचे, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे, शब्दकोशाचे व्हिडिओ बघून सराव करते. हात चुकला की तो टपली मारतो आणि पुन्हा करायला लावतो.

आई तयार आहे. बाबा म्हणतात, "इतल्या दूर काहून जातं वो? डी.एड. कर, जवळपास नोकरी लागन." त्यांची काळजी मला समजते. पण मला दुभाषीच व्हायचंय. कोर्स कोणता, बारावी आर्ट्सवर चालतो का, विदर्भात परत येऊन काम मिळेल का? कृपया ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, मी अमरावतीकडचाच, सध्या पुण्यात हेच काम करतो. तुला हवा तो कोर्स म्हणजे डीआयएसएलआय, भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी पदविका. दोन वर्षांचा आहे, बारावीनंतर करता येतो, आर्ट्स असलं तरी अडत नाही. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, दिल्लीत आयएसएलआरटीसी. दुसरीकडे कुठे प्रवेश घेणार असशील तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता आधी तपास. मान्यता नसलेल्या तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर पैसे घालू नकोस.

घरच्या खुणा येतात म्हणजे अर्धं काम झालं असं समजू नकोस. या भाषेचं व्याकरण मराठीहून वेगळं आहे. 'काय', 'कुठे' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवया, मान, ओठ यांनीसुद्धा अर्थ बदलतो. शब्दकोशात 10,000 हून जास्त शब्द आहेत, पण भाषा येते ती कर्णबधिर माणसांत बसूनच. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची संघटना असेल तर आतापासून जात जा.

अजून एक, हे मनाला लागेल. दुभाषी कोणाच्या बाजूनं बोलत नाही. समोरचा जे बोलला ते सगळं पोहोचवायचं, आपलं काही घालायचं नाही, बाहेर जाऊन सांगायचं नाही. भावाच्या व्यवहारात तू बहीण आहेस, तिथे खरं तर दुसरा दुभाषी हवा. विदर्भात तोच मिळत नाही, म्हणून तुझ्यासारख्यांनी शिकून परत यायला हवं. कामाचं म्हणशील तर कोर्ट आणि पोलीस स्टेशनला माणूस लागतो. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 38 मध्ये, मूल अपंग असेल तर त्याच्याशी संवाद साधू शकणाऱ्या जाणकाराची मदत घेण्याची तरतूद आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर मागणी वाढतेय, पण महिन्याचा ठरलेला पगार सगळ्यांना नाही, हे बाबांना आधीच सांग.

आणि भाऊ बारावी झालाय का? सांकेतिक भाषा शिकवणाऱ्यांसाठी डीटीआयएसएल पदविका आहे, ती कर्णबधिरांसाठीच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, खूप खूप आभार. भाऊ बारावी झालाय! डीटीआयएसएलचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आजच त्याला दाखवते. दोघांनी एकाच वेळी अर्ज केला तर बाबाही पाठवतील असं वाटतं. मुंबईत मुलींच्या राहण्याची सोय कशी आहे आणि शिकवणं इंग्रजीतून असतं का, तेवढं कोणी सांगाल का?