बंद घराला कॅमेरे: आधी वीज आणि नेट बघा

बॅटरीवरचे वायफाय कॅमेरे लावा, सगळं क्लाउडवर जाईल, हा सल्ला राहत्या घराला ठीक आहे. महिनोन्‌महिने बंद असणाऱ्या सुट्टीच्या घरात बॅटरी उतरली तर चार्ज कोण करणार? शिवाय हे कॅमेरे बहुधा हालचाल जाणवल्यावरच जागे होतात, तोवर माणूस निम्मा चौकटीबाहेर गेलेला असतो.

माझं मत पीओई कॅमेरे (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारे) आणि घरातच एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण डिस्कवर साठवणारा डबा. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही, १०० मीटरपर्यंत. नेट गेलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. २ एमबीपीएसवर सतत चालणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१-२२ जीबी खातो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना २ टीबीची डिस्क तीनेक आठवडे पुरते. हेच सगळं सिमकार्डाच्या डेटावरून क्लाउडला पाठवायचं तर विचारूच नका! सिमवरून फक्त सूचना आणि छोट्या क्लिप.

एनव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोच उचलतो. कुलूपबंद पण हवा खेळती असलेलं कपाट बरं. राउटर आणि एनव्हीआर दोन्ही यूपीएसवर. कॅमेरा ऑफलाइन झाल्यावर फोनवर सूचना येते का, हे घेण्याआधीच तपासा.

आणि हो, कोळी! रात्री इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी, मग खोट्या सूचनांचा रतीब. माणूस ओळखणारा कॅमेरा घेतलात तरी जाळी झाडायला कुणीतरी लागतंच.

घर भाड्याने देणार असाल तर आत कॅमेरा नकोच. एअरबीएनबीने २०२४ पासून त्यावर सरसकट बंदी घातली आहे.